पगारेकाका आणि लटकते पाय

भास्कर निवृत्ती पगारे यांनी मला अठरा वर्षांत चेहऱ्याने कितपत ओळखलं, याची मला आजही शंका आहे. पायांनी मात्र ते मला लांबूनसुद्धा ओळखत. रस्त्यात हाक मारली की ते वळायचे, आधी खाली बघायचे, माझी अंगठा शिवलेली चप्पल दिसली की मगच म्हणायचे, "या, सर." एकदा शाळेत इन्स्पेक्शन होतं म्हणून मी नवे बूट घातले, तर हा गृहस्थ माझ्या शेजारून नमस्कार न करता निघून गेला. संध्याकाळी घरी येऊन मलाच वर म्हणाला, "सकाळी बूट घातलेले तुम्ही होतात होय? मग आधी कळवायचं नाही का?"

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी महापालिकेच्या नव्हे, तेव्हाच्या नगरपालिकेच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो होतो आणि नाशिकरोडच्या अलीकडे, कामगार-कारकुनांच्या एका कॉलनीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. सामान लावून द्यायला सटाण्याहून आई आली होती. आम्ही ट्रंक आत घेत असतानाच शेजारचं दार उघडलं आणि चाळिशीचे, किडकिडीत, कानावर पेन्सिल अडकवलेले एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी हात जोडले, मान खाली घातली आणि आईच्या पायांकडे टक लावून बघत राहिले. आईने लुगड्याचा काठ खाली ओढून पाय झाकले. ते आत गेल्यावर मला म्हणाली, "हाऊ मानूस येडा शे का रे?"

पलीकडच्या घरातले गायधनी ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर होते. ते हसून म्हणाले, "येडे नाहीत मावशी, लेखक आहेत." आईच्या मुद्रेवरून तिला यात फारसा फरक वाटला नसावा.

मला मात्र धक्काच बसला. कारण पगारे हे नाव मला ठाऊक होतं. माझ्या वर्गातली पोरं चित्रकलेच्या तासाला बाकाखाली धरून जी पुस्तकं वाचत आणि मी जी जप्त करून घरी नेऊन स्वतः वाचत असे, ती यांचीच. 'डेप्युटी' नावाच्या गाढवाची पुस्तकं. गोदावरीच्या घाटावर वाळू वाहणारं हे गाढव, स्वभावाने गरीब, पण एकदा अडून बसलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी हलायचं नाही. त्याच्या अडून बसण्यामुळे चोर पकडले जायचे, लग्नं मोडायची, मोडलेली जुळायची. आणि प्रत्येक पुस्तकात ते एकदा लाथ मारायचं. एकदाच. कुणाला आणि कुठल्या पानावर, यावर पोरं गोट्यांच्या पैजा लावत.

सबंध कॉलनी त्यांना काका म्हणे. गायधनींचे सत्तरीचे वडीलसुद्धा काकाच म्हणत. काकांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "प्रस्ताव विचाराधीन आहे" असं म्हणून विषय बंद करत. एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक सांभाळत आणि तिथली भाषा बाहेरच्या खुंटीला टांगून घरात शिरणं त्यांना कधी जमलं नाही. त्यातला 'सबब' हा शब्द तर त्यांच्या जिभेला चिकटलेलाच होता. "काल गॅस संपला. सबब, आज तुमच्याकडे चहा." "पाऊस दिसतोय. सबब, छत्री."

आता मूळ मुद्दा. पायांचा.

काकांच्या पुढच्या खोलीत एक लांबलचक बाकडं होतं. बंद पडलेल्या कुठल्याशा शाळेच्या लिलावात त्यांनी ते घेतलं होतं आणि सुताराला बोलावून त्याचे पाय चांगले वीतभर वाढवून घेतले होते. सुतार म्हणाला, "साहेब, यावर बसणाऱ्या पोरांचे पाय खाली टेकायचे नाहीत." काका म्हणाले, "म्हणूनच."

दर रविवारी सकाळी नऊ वाजता कॉलनीतली आठ-नऊ पोरं या बाकड्यावर चढून ओळीने बसत. त्यांच्यासमोर काका एका बुटक्या पाटावर बसत. मांडीवर हस्तलिखित, हातात लाल-निळी पेन्सिल. त्या पाटावर बसलं की डोळ्यांसमोर दुसरं काही येतच नसे. फक्त लटकणाऱ्या पायांची रांग. मग काका नवीन गोष्ट वाचायला लागत. वाचणं असं की एखादं परिपत्रक वाचावं. आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत. मी एकदा म्हटलं, काका, जरा रंगवून वाचा की. तर म्हणाले, "अभिनय केला की पाय फसतात."

त्यांचं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच महिन्यात समजावून दिलं. "तोंडाला घरी शिकवलेलं असतं, सर. पाहुणे आले की हसायचं, मोठे बोलताना गप्प बसायचं. गोष्ट कशी वाटली विचारलं तर 'छान' म्हणायचं. पायांना कुणी काही शिकवलेलं नसतं. सबब, विश्वास पायांवर ठेवावा. तेही लटकते पाहिजेत. टेकलेला पाय खोटं बोलतो."

दोन्ही पाय झुलायला लागले म्हणजे कंटाळा. एकच हलतोय म्हणजे गोष्ट बरी आहे, पण पोटात भूक आहे. एका पायाने दुसरा खाजवला तर तो डास, ते मत बाद. अंगठे आत वळले की भीती. आणि सगळेच्या सगळे पाय एकदम थांबले, की काका हळूच "लागली" म्हणत आणि समासात निळी रेघ ओढत. झुलत्या पायांना लाल रेघ. सोमवारपासून लाल रेघांची कत्तल सुरू व्हायची आणि पुढच्या रविवारी तीच गोष्ट पुन्हा बाकड्यासमोर हजर. सोनवण्यांची बेबी नावाची एक सात वर्षांची मुलगी होती, तिचे पाय सहसा थांबतच नसत. काका तिला टरकून असत. "बेबीचे पाय थांबले म्हणजे महाराष्ट्र थांबला," असं ते गंभीरपणे सांगत.

या वाचनात एकच व्यत्यय असायचा, तो म्हणजे सुमनताईंच्या मशीनचा. सुमनताई काकांच्या धाकट्या बहीण. लहानपणीच्या आजारात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. त्या सरकत सरकत घरभर फिरत, स्वयंपाक करत, बुद्धजयंतीला सबंध कॉलनीला पुरेल एवढी खीर करत आणि उरलेला वेळ आतल्या खोलीच्या दारात चटईवर बसून हातमशीनवर कपडे शिवत. काका वाचायला बसले की पाठीमागून त्या मशीनची खरखर सुरू.

"सुमन, तुझं ते रहाटगाडगं थांबव जरा."

"गायधनी वहिनींचं ब्लाउज बाराला द्यायचंय. तू वाच की दादा, मी कुठं तुला अडवते?"

दर रविवारी हा संवाद व्हायचा आणि दर रविवारी मशीन चालूच राहायचं.

सुमनताईंची जीभ त्यांच्या कात्रीइतकीच चालायची आणि कात्रीपासून घरातला एकही कागद सुरक्षित नव्हता. शिवणाचे नमुने कापायला त्यांना कागद लागत. काकांच्या टेबलावरचे गठ्ठे आयतेच हाताशी. डेप्युटीच्या तिसऱ्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण कुणाच्या तरी फ्रॉकच्या बाहीत गेलं. काकांनी डोक्याला हात लावला, दोन दिवस बोलले नाहीत, मग बसून ते प्रकरण आठवून पुन्हा लिहिलं. ते पहिल्याच्या निम्मं झालं आणि पोरांच्या पायांनी त्याला अथपासून इतिपर्यंत निळी रेघ दिली. असं चार-पाच वेळा झालं. "नशीब," काका म्हणायचे, "नेमका लांबलेलाच भाग कापला जातो." सुमनताई तोंडात टाचण्या धरून गप्प बसत.

कचेरीत या गाढवावरून एकदा बाका प्रसंग आला होता. नवे डेप्युटी साहेब बदलून आले. कुणीतरी कान भरले असणार. त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. "पगारे, तुमच्या गाढवाचं नाव डेप्युटी आहे असं ऐकतो."

"होय साहेब. पण ते आपण इथे रुजू होण्याच्या आधीपासून आहे. सबब, ज्येष्ठता त्याची."

साहेब तीन दिवस काकांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि टेबलाच्या खणातून डेप्युटीची पाच पुस्तकं काढली. मुलीने सही मागितली होती. काकांची नव्हे, गाढवाची.

ती सही मी बनवलेली होती. त्याचं असं, की पोरांची पत्रं काकांना येतच नसत. ती गाढवाला येत. 'डेप्युटी गाढव, नाशिकरोड' एवढाच पत्ता. पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून ओरडत यायचा, "गाढव आहे का घरात?" आणि सुमनताई आतून ओरडायच्या, "कचेरीत गेलंय! सहाला येईल!" सहाला आल्यावर काका एकेका पत्राला उत्तर लिहीत. 'तुमचे पत्र या कार्यालयास मिळाले. त्यातील मजकूर गाढवास वाचून दाखवण्यात आला. गाढवाने मान हलवली. कळावे.' आणि खाली मी बटाटा कापून करून दिलेला खुराचा शिक्का. बटाटा सुकला की नवा. त्या काळात आमच्या दोन्ही घरांत बटाट्याची भाजी जरा जास्तच व्हायची.

मी त्यांच्या पुस्तकांचा चित्रकार कसा झालो, ते सांगायला मला थोडी लाज वाटते. आधीच्या चित्रकाराशी त्यांचं बिनसलं होतं आणि मी उत्साहाने एक डेप्युटी काढून दाखवला. त्यांनी चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं आणि म्हणाले, "तोंड छान आहे. पण हे पाय गाढवाचे नाहीत, टेबलाचे आहेत." दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मला घाटावर घेऊन गेले. वाळूच्या गाढवांच्या मागे आम्ही तीन तास उभे होतो. उभं राहिलेलं गाढव मागचा एक पाय कसा ढिला सोडतं, खूर कसा टेकवतं, हे बघायला मी जरा जवळ वाकलो आणि त्या गाढवाने माझ्या मांडीवर सणसणीत लाथ घातली. मी वाळूत बसलो. काकांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा इतका आनंद पाहिला. "बघितलंत? आता पाय विसरायचे नाहीत तुम्ही." आणि खरंच नाही विसरलो. पावसाळ्यात ती मांडी अजून आठवण करून देते.

बालवाङ्मयाबद्दल गोड बोलणाऱ्यांशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. एका वाचनालयाने त्यांचा सत्कार ठेवला. अध्यक्षांनी बालमनाच्या उमलत्या कळ्यांवर जे सुरू केलं ते थांबेचना. काकांची खुर्ची व्यासपीठावर होती आणि व्यासपीठावरून पहिल्या रांगेतले पाय स्पष्ट दिसत होते. बराच वेळ ते खाली बघत होते. मग खिशातून लाल-निळी पेन्सिल काढून त्यांनी निमंत्रणपत्रिकेवर काहीतरी टिपलं आणि माईकला ऐकू जाईल अशा आवाजात अध्यक्षांना म्हणाले, "साहेब, पहिल्या रांगेचे बारा पाय हलतायत. सबब, इथे कापावं." लोक हसले, अध्यक्ष तांबडेलाल झाले. तिथे काकांना परत कुणी बोलावलं नाही आणि त्यांनाही त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

अशी डेप्युटीची नऊ पुस्तकं झाली. पहिल्या बाकड्यावरची पोरं मोठी होऊन नोकरीला लागली. बेबीच्या जागी तिचा धाकटा भाऊ आला, मग गायधनींचा नातू. बाकडं कधी रिकामं राहिलं नाही. आणि मग गायधनींनी टीव्ही घेतला.

पहिले काही महिने काही बिघडलं नाही. पण पुढे रविवारी सकाळी मालिका सुरू झाल्या आणि नऊचे पाय गायधनींच्या घराकडे वळायला लागले. आठाचे पाच झाले, पाचाचे दोन. काका कुणाला काही बोलले नाहीत. एका रविवारी मात्र कानावर पेन्सिल ठेवून तेही गायधनींकडे गेले. गायधनींना वाटलं, काकांनाही टीव्हीचा मोह पडला. त्यांनी खुर्ची दिली. काकांनी ती खुर्ची फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून, पोरांकडे तोंड करून बसले. पोरं पलंगावर, ट्रंकेवर, खिडकीत, मिळेल तिथे पाय सोडून बसली होती.

मी अंगणात त्यांची वाट बघत होतो. बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्या चपलांकडेसुद्धा पाहिलं नाही.

"एक अंगठा हलला नाही, सर," ते म्हणाले. "तासभर. मला आयुष्यात कधी सलग दोन पानं जमलं नाही हो हे."

मी काहीतरी पुटपुटलो, की यंत्रापुढे पोरं बसतातच. ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." आणि घरात गेले.

दहावं पुस्तक निम्म्यावर होतं. त्यात डेप्युटी नांदगावच्या बाजारात हरवतो. काका मूळचे नांदगावचे, पण गाढवाला त्यांनी कधी तिकडे नेलं नव्हतं, हे पहिल्यांदाच. पुण्याचे प्रकाशक दिवाळीआधी हस्तलिखित मागत होते. काका लिहायचे, पण समोर पाय नाहीत, तर लाल कुठे आणि निळं कुठे, त्यांना कळेना. एकदा त्यांनी मला बाकड्यावर बसवून पाहिलं. माझे पाय खाली टेकले. मग खाली दोन ट्रंका ठेवून त्यांवर बाकडं चढवलं, मी त्यावर चढलो, डोकं छताला लागायचं बाकी राहिलं. दोन पानं वाचून ते थांबले. "सर, तुमचे पाय माझ्या मैत्रीला जागतायत. काही उपयोगाचे नाहीत."

आणि एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला प्रकाशकांना लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. 'महोदय, सदर गाढवाचे वय व बदललेली परिस्थिती लक्षात घेता, त्यास चालू कामगिरी पूर्ण होण्याआधीच सेवानिवृत्त करण्यात येत आहे. सबब, दहाव्या पुस्तकाची वाट पाहू नये. कळावे.' मी मोठ्याने हसलो. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि आतल्या दाराजवळच्या स्टुलावर दौतीखाली ठेवली. "सोमवारी कचेरीत जाताना टाकतो टपालात."

ज्या माणसाच्या घरी मी चौदा-पंधरा वर्षांचे रविवार घालवले, तो माणूस सोमवारपासून नुसता आवक-जावक कारकून उरणार होता. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी बाजाराच्या प्रसंगाची चित्रं घेऊन मुद्दाम गेलो. काका पाटावर बसले होते, समोर रिकामं बाकडं. गायधनींकडून टीव्हीचं संगीत येत होतं. मी काही न विचारता बाकड्यावर बसलो आणि पाय खुशाल खाली टेकवले.

"काका, इतकी वर्षं विचारीन म्हणतोय. पायच का?"

त्यांनी चष्मा पुसला. "नांदगावला वडील रेल्वेत गँगमन होते. मी दहा वर्षांचा, ही सुमन पाचाची. हिला ताप आला आणि पायांवरून वारं गेलं. आई-वडील दोघं कामावर, हिच्यापाशी मी. एक म्हातारा वैदू आला होता. म्हणाला, पोरीला रमवा, हसती ठेवा, पाय आपोआप हलतील. मग मी गोष्टी सांगायला लागलो. समोर कुंभाराचं गाढव होतं, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला लाथ मारायचं. त्याच्याच गोष्टी. मला वाटायचं, ऐकून ऐकून एखाद्या दिवशी हीपण मारील."

आत मशीन चालू होतं.

"मी सांगायचो आणि हिच्या पायांकडे बघायचो. दोन वर्षं. तेव्हा हलायची वाट बघायचो, पुढे थांबायची बघायला लागलो. खाली बघायची सवय काही गेली नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्या दिवशी गायधनींकडे सगळे पाय थांबलेले बघितले आणि एकदम वाटलं, थांबलेला पाय म्हणजे तरी काय मोठी पावती? हिचे तर पहिल्यापासून थांबलेलेच आहेत. सबब..."

त्यांच्या 'सबब'पुढे काही आलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"वाचा तरी," मी म्हटलं. "चित्रं कुठे बसतात ते मला बघायचंय." थाप होती. पण त्यांनी कागद मांडीवर घेतले.

वाचनाच्या वेळी मी एरवी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून पोरांचे पाय काढत असे. बाकड्यावरून काकांच्या डोक्यावरून सरळ आतलं दार दिसतं, हे त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं; ट्रंकांवर चढलो होतो तेव्हा सगळं लक्ष तोल सांभाळण्यात होतं. दारात सुमनताई. उजवा हात मशीनच्या चाकावर, डावा कापडावर. काका वाचत होते, डेप्युटी बाजारात शिरला, गर्दीत मालकाचा हात सुटला. खरखर चालली होती. आणि डेप्युटी एका बंद दुकानापुढे उभा राहून मालकाच्या ओळखीच्या खोकल्याची वाट बघायला लागला, तिथे चाक थांबलं. सुमनताईंचा हात चाकावर तसाच होता. त्या कापडाकडे बघत नव्हत्या. दोन परिच्छेद घरात आवाज नाही. मग गोष्टीत बाजाराचं वर्णन सुरू झालं, भाज्या, दोऱ्या, घुंगरं, आणि चाक पुन्हा फिरायला लागलं.

"काका," मी हळूच म्हटलं, "मशीन ऐका."

"त्याचं काय?"

"तो खोकल्याचा भाग परत वाचा आणि मशीन ऐका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चक्क चेहऱ्याकडे, आणि मागे जाऊन वाचायला लागले. बंद दुकान आलं. खरखर थांबली. काकांचा आवाज बारीक झाला, पण त्यांनी वाचणं सोडलं नाही. भाज्या आल्या, खरखर सुरू. ते थांबले. मान न वळवता त्यांनी विचारलं, "सुमन, मशीन का गं थांबलं होतं?"

"दोरा तुटला."

"बरोबर तिथंच? दोन्ही वेळा?"

सुमनताई म्हणाल्या, "दादा, त्या भाज्या काढ. लय लांबलंय. गाढव हरवलंय आणि तू वांगी काय मोजत बसलास? आणि खोकला आणखी थोडा ठेव."

काकांनी लाल रेघ ओढली. "हे तू कधीपासून..."

"तू पाट मांडायला लागलास तेव्हापासून. तुझी पाठ असते माझ्याकडं. मी काय करू?"

काका उठले. पाट उचलला आणि बाकड्याकडे पाठ करून आतल्या दाराकडे तोंड करून मांडला. बसल्यावर ते कितीतरी वेळ सुमनताईंच्या हातांकडे बघत राहिले. शिवणाने घट्टे पडलेले, टाचण्यांनी टोचलेले ते हात. पंचेचाळीस वर्षं हा माणूस पायांकडे बघत बसला आणि हात बघायचेच राहून गेले. मी चित्रं चाळायला लागलो.

"सर," काका म्हणाले, "ते दौतीखालचं पत्र द्या जरा. फाडून टाकतो."

मी स्टुलाकडे गेलो. दौत होती. पत्र नव्हतं. मी खाली पाहिलं, मागे पाहिलं. "इथे नाही काका."

"ते होय?" सुमनताई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "त्यावर मी सकाळीच कॉलर कापली. वाच पुढं."